एक्केचाळीस नंबरचे बटाटे

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर बरं झालं असतं, असं वर्ना कोस्केला स्वतःच म्हणते. वर्ना हयात आहे, चांगली ठणठणीत आहे. फक्त गेल्या वर्षापासून तिनं बटाट्याला तोंड लावलेलं नाही. मिनेसोटात राहून बटाटा सोडायचा म्हणजे जवळजवळ धर्म सोडण्यासारखंच. चर्चच्या जेवणात बायका काळजीनं विचारतात, "डॉक्टरांनी बंद केलाय का गं?"

ती म्हणते, "हो."

डॉक्टरांचा काही संबंध नाही.

संबंध आहे तो गेल्या जुलैतल्या तिसऱ्या गुरुवारच्या रात्रीचा, आणि क्रुकेड पॅडल तलावाकाठच्या सरकारी उद्यानातल्या एक्केचाळीस नंबरच्या जागेचा.

त्या उद्यानात तंबू ठोकायच्या जागा बासष्ट. त्यातल्या एकसष्ट जागांवर चिखल, शेजाऱ्याचा जनरेटर नाहीतर संडासाचा वास, यांपैकी काहीतरी पदरात पडतंच. एक्केचाळीस तेवढी वेगळी. अगदी टोकाला. तिन्ही बाजूंनी बर्चची पांढरी झाडं, चौथ्या बाजूला तळं. तंबूतून बाहेर पडलं की पाच पावलांवर पाणी.

ती कुणालाच मिळत नसे. एकतीस वर्षं जुलैचा तिसरा आठवडा ओर्विल स्टेनगार्ड नावाच्या एका म्हाताऱ्याचा. बुकिंग चार महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला उघडतं. वर्ना अकरा वर्षं पावणेआठपासून संगणकासमोर बोट उगारून बसायची. आठ वाजून एक सेकंदाला एक्केचाळीस गेलेली असायची. म्हातारा दोन बोटांनी टाईप करायचा म्हणे. पण त्या दोन बोटांना तोड नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट झालं.

एक्केचाळीस... मोकळीच.

"गेला वाटतं," मागून डेल्मर म्हणाला.

"कोण?"

"स्टेनगार्ड. जिवंत माणूस ती जागा सोडेल होय?"

वर्नानं क्षणभर मान खाली घातली. मग बटण दाबलं.

डेल्मर म्हणजे तिचा नवरा. पस्तीस वर्षं सरकारी रस्त्यांवरचा बर्फ उपसणारी गाडी चालवून निवृत्त झालेला. त्या गाडीच्या साखळीत उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं होतं. त्या थोट्या बोटानं तो बरणीतलं पीनट बटर खायचा. चमचा न घेता. उभ्यानं. झाकण कुठं ठेवलं ते त्याला कधीच आठवायचं नाही. ओले टॉवेल गादीवर, मोजे सोफ्याच्या फटीत, आणि शर्टाकडं पाहून आठवडाभराचा स्वयंपाक ओळखावा.

चौतीस वर्षांच्या संसारात त्यांचं भांडण एवढंच. वर्नानं जन्मभर शाळेचं स्वयंपाकघर चालवलेलं. एकदा तिनं चार पोती बटाटे नुसत्या वासावरून परत पाठवले होते. अशा बाईच्या नशिबी असा नवरा.

पण त्याच्या आदल्या नोव्हेंबरात डेल्मरला हृदयाचा झटका आला. पाच तास शस्त्रक्रिया चालली. बाहेर बाकावर बसून वर्नानं देवाशी सौदा केला. हा माणूस मला आहे तसा परत दे. याच्या गबाळेपणाबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही.

देवानं शब्द पाळला. तीही पाळत होती. दात आवळून.

एक्केचाळीस नंबरच्या तीन रात्री म्हणजे त्या परत मिळालेल्या नवऱ्याचा सोहळा होता.

गुरुवारी दुपारी ते पोचले. फाटकाजवळ एक नंबरच्या जागेत वेंडेलची गाडी उभी होती. वेंडेल तिथला यजमान. म्हणजे उन्हाळाभर फुकट राहायचं आणि बदल्यात संडास धुवायचे, सरपण विकायचं, रात्री दहानंतर गाणाऱ्यांना गप्प करायचं.

"मिळाली का शेवटी एक्केचाळीस?" त्यानं विचारलं.

"अकरा वर्षांनी," वर्ना म्हणाली.

"छान जागा आहे. फक्त चूल भरलीय राखेनं. ऑक्टोबरात काढतो आम्ही. तोवर सांभाळून घ्या."

चूल म्हणजे जमिनीत पुरलेलं लोखंडी कडं. ते खरंच काठोकाठ भरलं होतं. वरचा थर नेहमीसारखा, करडा, हलका. वर्नानं काठीनं जरा उकरलं. खालची राख निराळीच होती. पांढुरकी. जड. भरड रव्यासारखी.

तिनं सवयीनं फुंकर मारली.

वरची उडाली. खालची...

हलली नाही.

"असली कसली राख?" ती म्हणाली.

"ओकचं लाकूड असेल," डेल्मर म्हणाला. ज्या विषयातलं काही कळत नाही, त्यावर तो नेहमी ठाम असायचा.

मग त्यानं तंबू ठोकला. तंबू उभा राहिला, पण पाहणाऱ्याला मान वाकडी करावी लागत होती. खुंट्या अर्ध्या बाहेर, दोऱ्या सैल, टांगलेल्या ओल्या धोतरासारख्या. वर्नानं पाहिलं, देवाला आठवलं, आणि ती तळ्याकडं बघत बसली.

संध्याकाळी शेकोटी पेटली. तिकडं जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. सहा बटाटे धुऊन ठेवले होते.

"फॉइल कुठंय?" वर्नानं विचारलं.

डेल्मरनं खोक्यात बघितलं. मग गाडीत. मग स्वतःच्या खिशांत.

"घरी, ओट्यावर," तो म्हणाला. "अगदी डोळ्यांसमोर दिसतंय मला. ओट्यावरच आहे."

ओठांवर आलेलं वाक्य वर्नानं गिळलं. सौदा म्हणजे सौदा.

"त्यात काय एवढं? माझा आजा तसेच पुरायचा राखेत. नव्वद वर्षं जगला."

"तुझ्या आजाला सहा दात होते."

"बाकीचे वापरून संपवले होते त्यानं."

आणि त्यानं काठीनं खोल खड्डा केला. त्या जड, रवाळ राखेत सहाही बटाटे उघडे पुरले. वर निखारे ओढले.

शाळेच्या स्वयंपाकघरात कुणी असं केलं असतं, तर वर्नानं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवलं असतं. इथं ती गप्प बसली. पुढं कित्येकदा तिला वाटलं... आयुष्यात नको तिथं तोंड उघडलं, आणि हवं तिथं नेमकं मिटलं.

तासाभरानं बटाटे निघाले. सालीवर पांढरा थर घट्ट बसलेला. डेल्मरनं तो झटकला नाही. लोणी चोपडलं, आणि सालीसकट चावा घेतला. लोण्यात कालवलेली राख त्याच्या हनुवटीवरून ओघळली.

वर्नानं साल काढून अर्धा खाल्ला.

"कचकच लागतंय रे."

"राख पोटाला चांगली असते."

"आणि खारट?"

"तू नेहमी अळणी करतेस. आज मीठ जमलंय."

"मी मीठ घातलंच नाही."

डेल्मर चावायचा थांबला नाही.

तेवढ्यात तिच्या दाढेखाली काहीतरी आलं. तांदळाच्या कणीएवढं. टणक. ते फुटलं...

कट्.

तिनं घास थुंकला. उरलेला अर्धा त्याच्या ताटलीत सरकवला. त्यानं तोही खाल्ला. असे साडेपाच संपवले. मग बोटं चाटली. एकेक करून, थोट्यापासून सुरुवात करत. नखांतली पांढरी ओळदेखील दातांनी खरवडून काढली.

वर्नानं तोंड फिरवलं. परत मिळालेल्या नवऱ्याचंही सगळंच बघावं असं नाही.

अंधार पडायला लागला तसे डास आले. तिथले डास म्हणजे नुसते तुटून पडतात. आसपासच्या सगळ्या जागांवरून चापट्यांचा आवाज येत होता. वर्नाच्या घोट्यांवर गांधी उठल्या.

डेल्मर उघड्या हातांनी स्वस्थ बसला होता.

"तुला चावत नाहीत?"

"नाहीत बुवा."

तिनं निरखून पाहिलं. डास त्याच्याकडं येत होते. हातभर अंतरावर थबकत होते. आणि...

परत फिरत होते.

रात्री अकराच्या सुमारास तिला जाग आली. आवाजानं नाही. आवाज नव्हता म्हणून. डेल्मरचं घोरणं थांबलं होतं.

शस्त्रक्रियेपासून त्या घोरण्यावर तिचा जीव टांगलेला असायचा. तिनं अंधारात हात लांब केला.

जागा रिकामी. आणि गार. त्याची स्लीपिंग बॅग तिच्या हाताला लागली. घट्ट गुंडाळलेली. दोरी बांधलेली. नीटस गाठ मारलेली.

मग बाहेरून आवाज आला...

टक. टक. टक.

खुंटीवर बुटाचं टोक मारल्यासारखा. मग चार पावलं. पुन्हा...

टक. टक. टक.

तंबूला खुंट्या आठ. प्रत्येक खुंटीशी तीनदा. आवाज तिच्या डोक्यामागून फिरत फिरत पायांशी आला.

"डेल्मर?"

"झोप. खुंट्या सैल होत्या."

आवाज त्याचाच. पण चौतीस वर्षांत त्या आवाजानं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

पहाटे पाचला ती शिळेनं जागी झाली. कुणीतरी दातांच्या फटीतून एक संथ, जुनी चाल वाजवत होतं. वर्नानं तंबूची चेन उघडली आणि थिजली.

तंबू सरळ उभा होता. दोऱ्या तारेसारख्या ताठ. कुऱ्हाड, बादली, तवा, सगळं एका रेषेत. जमिनीवर दंताळ्याचे दात उमटलेले. आणि मध्यभागी चुलीशी बसून डेल्मर शीळ घालत होता. डेल्मरला शीळ येत नव्हती. वरचे पुढचे चार दात खोटे होते त्याचे. वारा नुसता निसटायचा.

त्यानं वाटीत कॉफीची पूड घेतली. तीवर अंडं ठेवलं. फोडलं नाही... मुठीत धरून चिरडलं. कवचासकट. पिवळा बलक त्याच्या बोटांमधून लोंबला. कवच, बलक, पूड असं सगळं हातानं मळलं, आणि तो काळा, चिकट, बुळबुळीत गोळा उकळत्या पाण्यात सोडला.

किटलीतून ओल्या पिसांचा वास आला.

"हे काय चाललंय?" वर्नानं विचारलं.

"कॉफी."

"अशी? तू आयुष्यात अशी कॉफी केलेली नाहीस. तुला तर साधी येत नाही!"

"अशीच करतात," तो शांतपणे म्हणाला. त्यानं घोट घेतला. मिशीत कवचाचा तुकडा अडकला होता. तो त्यानं जिभेनं आत ओढला आणि चावून खाल्ला. "अगं, तळ्याचं पाणी चढलंय यंदा. तो चपटा दगड बुडालाय बघ."

वर्नानं तळ्याकडं पाहिलं. पाणी सपाट होतं. दगड कुठंच दिसत नव्हता.

डेल्मर या जागेवर पहिल्यांदाच आला होता.

तो पाण्याकडं गेला. घाबरली की वर्ना भांडी घासते, तशी आताही बसली. आईनं शिकवलेलं, मुलखात सगळ्यांना ठाऊक असलेलं. बाहेर असलो की तवा राखेनं घासायचा, साबणाहून लखलखीत निघतो. तिनं चुलीतून मूठभर राख घेतली. खालची, रवाळ. तव्यावर चोळली.

खर्रर्र...

राखेत काहीतरी होतं.

तिनं ते बोटांनी पुसलं. पोलादाची एक चकती. नाण्याएवढी, कडेला भोक पाडलेलं. वर सहा आकडी नंबर आणि एका दाहगृहाचं नाव.

वर्ना ती घेऊन थेट एक नंबरच्या जागेवर गेली. वेंडेल नळाखाली संडास धुवायची बादली भरत होता.

"हे काय आहे हो?"

त्यानं चकती हातात घेतली. उलटी केली. मग सावकाश डोक्यावरची टोपी काढली.

"कुठं मिळाली?"

"चुलीत."

"माझ्या भावाच्या वेळी पाहिली होती मी असली," वेंडेल म्हणाला. "माणूस जाळताना सोबत ठेवतात. कुणाची राख कुणाची, याची गल्लत होऊ नये म्हणून."

नळ वाहत होता. बादली भरून ओसंडत होती. दोघांपैकी कुणीच तो बंद केला नाही.

"मे महिन्यात ओर्विलची मुलगी आली होती," तो म्हणाला. "एक्केचाळीसवर तासभर बसली. जाताना हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं, रिकामं. मला वाटलं, वडिलांचं आवडतं ठिकाण, बसली असेल डबा खात. राख विसर्जित करायची तर परवानगी लागते, तीन-तीन प्रतींत कागद भरावे लागतात. आता कळतंय..."

"मेपासून किती जण राहून गेले त्या जागेवर?"

वेंडेलनं बोटांवर मोजलं. "अकरा कुटुंबं."

"त्यांनी काही... शिजवलं?"

"सॉसेज. मक्याची कणसं. पण जाळीवर हो. वरच्या वर." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "का? तुम्ही काय केलंत?"

वर्ना उत्तर द्यायला थांबली नाही. ती संडासाच्या इमारतीमागं गेली, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. शेवटी नुसतं पित्त आलं, तरी ती बोटं घालत राहिली. मग तिथल्या नळावर वीस वेळा चूळ भरली. जीभ टॉवेलनं खरवडली. दातांच्या फटींत दोरा घातला. दोऱ्याला पांढरं काहीतरी लागून आलं.

ते तिनं कुठं टाकावं, हे तिला कळेना. गटारात टाकवेना. खिशात ठेववेना. शेवटी तिनं दोऱ्यासकट एका बर्चच्या मुळाशी पुरलं, आणि काय करावं ते न सुचून छातीवर क्रूस काढला.

वेंडेलनं मुलीचा फोन नंबर शोधून दिला. ग्रेटा तिचं नाव. आवाज गोड, मनमोकळा.

"अय्या, एक्केचाळीसवर आहात तुम्ही? कसं वाटतंय?"

"राखेचं कळलं आम्हाला," वर्ना म्हणाली.

मग ग्रेटा हळूच म्हणाली, "तक्रार नका ना करू. त्यांना तळ्यात नको होतं. पाणी गार असतं म्हणायचे. त्यांना शेकोटी हवी होती. मी म्हटलं, रोज संध्याकाळी नवी माणसं भोवती बसतील, हसतील, बाबांना सोबत होईल."

"तुमचे वडील... कॉफी कशी प्यायचे?"

"अंडं घालून. कवचासकट. आम्हाला बघवायचं नाही. का हो?"

"आणि तंबूच्या खुंट्या?"

ग्रेटा हसली. "रात्री उठून तपासायचे. प्रत्येकीला बुटानं तीनदा. आईची झोपमोड व्हायची. तुम्हाला कुणी सांगितलं?"

वर्नानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐका ना," ग्रेटानं विचारलं, "तुम्ही त्या चुलीवर काही केलंत का? खायला वगैरे?"

एखाद्या मुलीला तिचा बाप लोण्याबरोबर संपला, हे सांगायची पद्धत वर्नाला कुणी शिकवली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "थंड सँडविच आणली होती आम्ही."

मग ती एक्केचाळीसवर परतली. डेल्मर सरपण लांबीनुसार लावत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. चकती दाखवली. तिला वाटलं, आता हा ओरडेल, ओकेल, शिव्या घालेल. डेल्मरसारखा डेल्मर. एकदा सूपमध्ये माशी निघाली तर त्यानं हॉटेल डोक्यावर घेतलं होतं.

त्यानं चकती घेतली. शर्टाला पुसली. खिशात टाकली.

"चांगली जागा निवडली त्यानं," तो म्हणाला.

"डेल्मर, आपण त्याला खाल्लं! तू साडेपाच बटाटे खाल्लेस!"

"ओरडू नकोस. शेजारी झोपलेत."

"घरी चल. आत्ता. दवाखान्यात जाऊ."

"रविवारी," तो म्हणाला. "रविवारी दुपारी बारापर्यंत जागा आपली आहे."

आणि रविवारी पावणेबारापर्यंत तो हलला नाही. निघताना त्यानं पूर्ण जागेवर दंताळं फिरवलं, काडी न् काडी उचलली, आणि चुलीतली उरलेली राख हातानं सपाट केली. थोपटली. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी.

घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. हृदय उत्तम. वजन कमी. "माझ्या रुग्णांमध्ये इतका टापटीप माणूस नाही," डॉक्टर म्हणाले.

घर आरशासारखं झालं. टॉवेल घडी घालून. मोजे जोडीनं. तळघरातले खिळे आकारानुसार बरण्यांमध्ये. वर्नाची बहीण लायला येऊन बघून गेली.

"काय केलंस गं त्याला? आमच्याकडं पाठव एक महिना. माझ्या नवऱ्यालाही लावून दे वळण."

"शस्त्रक्रियेनं सुधारला," वर्ना म्हणाली.

"नशीबवान आहेस."

नशीबवान! चौतीस वर्षं जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. घोरणं थांबलं होतं. शीळ सुरू झाली होती. रोज पहाटे पाचला स्वयंपाकघरातून ओल्या पिसांचा वास यायचा. रात्री घराभोवती कुणीतरी फिरायचं. घराला खुंट्या नसतात. तो पायरीच्या कडेला मारायचा.

टक. टक. टक.

डास त्याला चावत नव्हते. शेजाऱ्यांना त्याचा हेवा वाटायचा. त्याच्याशेजारी झोपलं की उशीच्या अभ्र्यावर सकाळी पांढरी, रवाळ पूड दिसायची. कोंड्यासारखी. वर्ना अभ्रा धुवायची. गरम पाण्यात. हातमोजे घालून. ती पूड पाण्यात विरघळायची नाही.

आणि ती मनातल्या मनात देवाशी भांडायची. मी आहे तसा मागितला होता. हा नाही. तो. शर्टावर रस्सा सांडणारा.

कुणाला सांगणार? नवरा नीटनेटका झाला म्हणून पोलिसांत जाता येत नाही.

शेवटी तिनं एक उपाय केला. रोज झोपताना ती पीनट बटरची बरणी ओट्यावर ठेवायची. उघडी. झाकण लांब फेकलेलं. चमचा नाही. उंदराला पिंजरा लावतात, तशी ती नवऱ्याला बरणी लावायची.

रोज सकाळी बरणी कपाटात असायची. झाकण घट्ट. काच पुसलेली.

या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी पावणेआठला तो संगणकासमोर बसला. दोन बोटांनी. आठ वाजून एक सेकंदाला तो मागं रेलला.

"मिळाली," तो म्हणाला.

कोणती, हे तिनं विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात निघायचं आहे.

पण गेल्या मंगळवारी वेगळंच घडलं.

वर्ना सहाला खाली आली. डेल्मर अंघोळीला गेला होता. वरून शीळ ऐकू येत होती. बरणी ओट्यावरच होती. उघडी. झाकण... जमिनीवर, टेबलाखाली, उपडं.

तिनं बरणीत वाकून पाहिलं.

पीनट बटरमध्ये एक खोल चर होता. बोटानं ओढलेला. आणि त्याचं टोक गोल नव्हतं. बोथट होतं. थोटं.

वर्नाला रडू फुटलं. तो आत होता. तिचा गबाळा, ओंगळ, घाणेरडा डेल्मर आत कुठंतरी होता, आणि रात्री उठून आला होता. तिनं त्याच चरातून आपलं बोट फिरवलं. ज्या सवयीवरून चौतीस वर्षं भांडली, तीच उचलली. बोट तोंडात घातलं.

गोड. तेलकट. आणि मग...

दाढेखाली कच्च झालं.

खारट.

ती धावत सिंकशी गेली. वाकली. तोंड उघडलं.

आणि तशीच थांबली.

कारण त्या घासात दोघंही होते. थुंकायचं, तर नक्की कुणाला?

वरची शीळ थांबली होती.

वर्नानं डोळे मिटले, आणि घास गिळला. मग बरणी पुन्हा ओट्यावर ठेवली. उघडीच.